सिंधुबंदी तुटली, बोटीवरच्या शिस्तीचे काय?

सप्टेंबर २०१८ मध्ये सिडनी बंदरातून ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ हे अवाढव्य प्रवासी जहाज तीन रात्रींच्या सफरीवर निघाले. सुटी घालवण्यासाठी आलेली ऑस्ट्रेलियन कुटुंबे त्यावर होती, नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा होते आणि भारतातील एका पानमसाला-गुटखा कंपनीने सहलीवर आणलेले सुमारे तेराशे लोकही होते. जहाज परत धक्क्याला लागल्यावर इतर प्रवाशांनी तेथील वृत्तवाहिनीला जे सांगितले ते ऐकून कोणाही स्वाभिमानी भारतीयाची मान शरमेने खाली जावी. पोहण्याचा तलाव आणि त्याभोवतीचा डेक या मंडळींनी व्यापून टाकला होता. भोजनगृहात इतरांना शिरकाव करणे कठीण झाले होते. तरुण मुलींचे, त्यांना न विचारता, मोबाइलवर चित्रीकरण चालले होते. काही पालकांनी मुलींना घेऊन खोलीत बसून राहणेच पसंत केले. पुढे जहाज कंपनीने तक्रारदारांची दिलगिरी व्यक्त केली आणि पैसेही परत केले.

अशी बातमी आली की आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. इंग्रजी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून लिहिणारा वर्ग लगेच सरसावतो आणि भारतीय माणूस मुळातच असंस्कृत आहे, असा निकाल देऊन मोकळा होतो. हे लिहिताना आपण स्वतः कुठल्या देशाचे, याचा त्याला सोयीस्कर विसर पडलेला असतो. दुसरी प्रतिक्रिया आपल्या घरांतली. ‘गोऱ्यांना आपली प्रगती बघवत नाही’, ‘हा वंशद्वेष आहे’, ‘ते स्वतः काय कमी आहेत?’ असे म्हणून चहाचा घोट घेतला जातो आणि विषय संपतो. पहिली प्रतिक्रिया आत्मद्वेषाची, हे सांगायला नको. पण दुसरी प्रतिक्रिया राष्ट्राभिमानाची आहे, हा समज मात्र मोडून काढावा लागेल. तेराशे देशबांधवांनी परक्या मुलींना खोलीत कोंडून घ्यायला लावले, याची चीड न येता ते छापून आले याची चीड येणे, याला राष्ट्राभिमान म्हणत नाहीत. ते केवळ अंगाला लागलेले झाकणे आहे.

जहाजावरील वर्तन हा विषय कोणाला किरकोळ वाटेल. पाच-पन्नास लाख कुटुंबांपैकी किती जण असे समुद्रपर्यटन करतात, असाही प्रश्न येईल. पण चित्र झपाट्याने बदलले आहे. सिंगापूरहून सुटणारी ‘सुपरस्टार व्हर्गो’ हे या शतकाच्या पहिल्या दशकात कितीतरी मराठी कुटुंबांचे पहिले जहाज ठरले. २०१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांची आठवण जागवणारी ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर उतरली. ती फार काळ चालली नाही, पण तिने वाट दाखवली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मुंबईतूनच ‘क्रूझ भारत मिशन’चा आरंभ केला. समुद्रपर्यटन करणाऱ्यांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ज्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन केले, त्याची क्षमता वर्षाला दहा लाख प्रवाशांची आहे. म्हणजे काल श्रीमंतांचा असलेला हा शौक उद्या निवृत्त शिक्षकाच्या, बँक कर्मचाऱ्याच्या आवाक्यात येणार. प्रश्न आहे तो हा की, त्या टर्मिनलमधून बाहेर पडणारा समाज कोणत्या संस्कारांनिशी बाहेर पडणार?

काटा-चमचा म्हणजे शिष्टाचार नव्हे

इथे एक घोटाळा आधी दूर केला पाहिजे. बोटीवरचे शिष्टाचार म्हटले की आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या डोळ्यांसमोर साहेबाचे जेवणाचे टेबल येते. कोणता काटा आधी उचलावा, नॅपकिन मांडीवर कसा पसरावा, सूप पिताना आवाज येऊ देऊ नये. पर्यटन कंपन्यांच्या प्रस्थानपूर्व बैठकांतही असलेच धडे दिले जातात. मेकॉलेने पेरलेले बीज किती खोल गेले आहे, ते पाहायचे तर अशा बैठकीला जावे. पन्नाशी-साठीची, आयुष्यात कर्तृत्व गाजवलेली माणसे ‘आपले काही चुकणार तर नाही ना’ या धास्तीने सुरीच्या धारेची दिशा वहीत टिपून घेत असतात.

ज्यांच्या शिष्टाचारांची ही धास्ती, त्यांचे काय? जुलै २०१९ मध्ये ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीचे ‘ब्रिटानिया’ हे जहाज नॉर्वेहून साउथहॅम्प्टनला परतत असताना पहाटेच्या वेळी भोजनगृहात प्रवाशांची तुंबळ मारामारी जुंपली. जेवणाच्या ताटल्या आणि खुर्च्या-टेबले ही शस्त्रे झाली. सहा जण जखमी झाले. जिच्या डोक्यावर ‘ब्रिटानिया’ हे नाव आणि अंगावर ब्रिटिश ध्वज रंगवलेला, त्या बोटीवरचे हे दृश्य! गंमत अशी की, त्याच महिन्यात स्वित्झर्लंडमधील श्टाड येथील एका हॉटेलने खास भारतीय पाहुण्यांना उद्देशून लावलेली सूचना गाजत होती. न्याहारीच्या टेबलावरचे पदार्थ बरोबर नेऊ नका, बाल्कनीत आणि मार्गिकांत हळू बोला, असा तिचा आशय होता. इंग्रजांनी एकमेकांच्या डोक्यात ताटल्या घातल्या म्हणून ‘इंग्रज पाहुण्यांसाठी सूचना’ कोणत्या हॉटेलात लागल्याचे ऐकिवात नाही. एका देशाच्या नावाने पाटी लावणे हा उद्धटपणाच होता आणि त्यावर उमटलेला संताप योग्यच होता.

पण त्या पाटीवर लिहिलेले खोटे होते का? न्याहारीच्या बुफेतून सँडविचे कागदात गुंडाळून पिशवीत टाकणारी, पर्यायाने दुपारच्या जेवणाचे पैसे वाचवणारी आपली मंडळी कोणी पाहिलेली नाहीत? उद्धट पाटीचा निषेध करण्याचा अधिकार त्यालाच, ज्याची पिशवी रिकामी आहे.

काट्या-चमच्याची धास्ती सोडून द्यावी. हाताने जेवणे यात लाजण्यासारखे काही नाही. हात धुतलेले हवेत, एवढेच. औपचारिक भोजनाच्या रात्री टायसाठी धावाधाव करण्याचीही गरज नाही. पोशाखाबाबत काटेकोर समजल्या जाणाऱ्या कुनार्डसारख्या कंपनीतही औपचारिक राष्ट्रीय पोशाख चालतो. बंद गळ्याचा कोट किंवा पैठणी यांच्यापुढे भाड्याने आणलेला काळा सूट केविलवाणाच दिसतो. शाकाहाराचेही तसेच. मांसाहार न करणे हा कोणाचा अपमान नाही आणि तो हक्काने सांगावा. मात्र तो तिकीट काढताना सांगावा. जेवणाच्या टेबलावर बसल्यावर, फिलिपिन्सच्या एखाद्या तरुणाला ‘तुम्हाला एवढेही कळत नाही?’ असे हिंदी-इंग्रजीत दरडावणे ही धर्मनिष्ठा नव्हे. ज्याला आपल्या आहाराचे व्रत म्हणून मोल आहे, तो ते दुसऱ्याच्या माथी ओझे म्हणून मारत नाही.

आगबोटीचे संस्कार

मग बोटीवरचा शिष्टाचार म्हणजे नेमके काय? तो समजण्यासाठी इंग्रजांचे पुस्तक उघडण्याची आवश्यकता नाही. कोकणच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारावे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटींनी कित्येक पिढ्या कोकणात ने-आण केली. बंदरांत धक्के नव्हते. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावांतून माणसे, बोचकी, कोंबड्या, गणपतीचे सामान वर चढवले जायचे. डेकवर वळकटी पसरायची, तीही दुसऱ्याची वाट सोडून. ज्याला बोट लागायची त्याला बोटीच्या मधोमध जागा मिळायची, कारण तिथे हेलकावे कमी. बाळंतिणीला आडोसा धरला जायचा. शिदोरी सुटली की शेजाऱ्याला विचारल्याविना घास तोंडात जात नसे. तांडेलाचा शब्द म्हणजे आज्ञा, मग ऐकणारा गावचा खोत का असेना. हे कुणी शिकवले नव्हते. बोटीवर सर्वांचे मरण एक असते, या जाणिवेतून ते आले होते.

ती जाणीव सुटली तर काय होते, हेही याच किनाऱ्याने पाहिले आहे. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले होते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत सापडली. बोट कलली तसे भेदरलेले प्रवासी दुसऱ्या बाजूला धावले, आणि त्या भाराने जे व्हायचे ते झाले. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबईकडे मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी मासळी समुद्रात फेकून देऊन त्या जागी माणसे घेतली, ही आठवण रेवस-मांडवा परिसरात आजही सांगतात. दिवसाची कमाई पाण्यात टाकून अनोळखी माणसाला होडीत ओढून घेणारा तो कोळी. समुद्रावरचा शिष्टाचार शिकायचा तर त्याच्याकडून शिकावा.

याहून मागे गेले तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजबांधणीला लाकूड हवे. पण म्हणून रयतेच्या आंब्या-फणसांना तिच्या मर्जीविरुद्ध हात लावायचा नाही, अशी त्यात ताकीद आहे. स्वराज्याच्या आरमाराला जो संकोच होता, तो आज सकाळी सहा वाजता डेकवरच्या दहा आरामखुर्च्यांवर टॉवेल टाकून ‘ग्रुपसाठी’ जागा अडवणाऱ्याला नाही.

मध्यंतरी काय घडले? समुद्राकडे पाठ फिरवण्याचा करंटेपणा घडला. सागरपार व्यापार करणाऱ्या, चोलांच्या काळात आग्नेय आशियापर्यंत आरमार धाडणाऱ्या समाजाने समुद्रयात्रा कलिवर्ज्य ठरवली. परदेशी जाऊन आलेल्याला प्रायश्चित्त घ्यायला लावले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या सांगितल्या, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. स्वामी विवेकानंद ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून बोटीने निघाले तेव्हा ही बेडी पुरती तुटलेली नव्हती. आज ती तुटली आहे, आणि याचा आनंद सर्वाधिक कोणाला व्हावा तर तो हिंदुत्वाच्या विचाराने वाढलेल्या माणसाला. म्हणूनच त्याच्याकडून अपेक्षाही अधिक. ज्या समुद्राची बंदी मोडायला एवढ्या थोरांनी आयुष्य वेचले, त्या समुद्रावर पोहोचून आपला माणूस करतो काय? कठड्यावरून पिचकारी मारतो.

सात लहान, एक लांब

पिचकारीचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करावा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कसा मिळतो हे सर्वांना ठाऊक आहे. बोटीच्या बाल्कनीतून थुंकलेले समुद्रात पडत नाही. वाऱ्याने ते खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीत, तिथे बसलेल्या कोणा वृद्धेच्या अंगावर पडते. विडी-सिगारेटचे थोटूकही तसेच. मार्च २००६ मध्ये जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाला भर समुद्रात पहाटे आग लागली, बाल्कन्यांच्या रांगा पेटल्या, धुराने एका प्रवाशाचा जीव गेला. ब्रिटिश अपघात चौकशी यंत्रणेने काढलेले संभाव्य कारण होते बाल्कनीत टाकलेले एक जळते थोटूक. जमिनीवर जो गलिच्छपणा म्हणून खपतो, तो समुद्रावर प्राणघातक ठरतो.

आणि निर्माल्य? समुद्रात नारळ अर्पण करण्याची आपली परंपरा नारळी पौर्णिमेची, कोळी बांधवांच्या श्रद्धेची. पण प्लास्टिकच्या पिशवीतले निर्माल्य बोटीच्या कठड्यावरून भिरकावण्याला कोणत्या शास्त्राचा आधार आहे? जहाजावरून समुद्रात प्लास्टिक टाकण्यास आंतरराष्ट्रीय करारान्वये १९८८ पासून संपूर्ण मनाई आहे. तो करार नसता तरी वरुणाला देवता मानणाऱ्याला हे सांगावे लागावे, यातच सारे आले.

सर्वांत गंभीर बाब मात्र सुरक्षा सरावाची. प्रवासी चढले की प्रत्येकाला नेमून दिलेल्या ठिकाणी जमावे लागते. सात लहान आणि एक लांब भोंगा म्हणजे संकटाचा इशारा. तो ओळखायचा, जीवरक्षक जॅकेट कसे घालायचे ते बघायचे, आपली होडी कोणती ते लक्षात ठेवायचे. अर्ध्या तासाचे काम. या अर्ध्या तासात आपली मंडळी काय करतात? निम्मी येत नाहीत. आलेली सेल्फी काढतात, जॅकेटे घालून रील बनवतात, सूचना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या उच्चारांची नक्कल करतात. ‘आम्ही पैसे मजेसाठी भरलेत, शाळेसाठी नाही’ हे वाक्य तर ठरलेलेच.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिलिओ बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली तेव्हा त्याच संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांचा हा सराव व्हायचाच होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे तो चोवीस तासांत घ्यायचा असे. अंधारात कुठे जायचे, कोणत्या होडीत बसायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. बत्तीस माणसे गेली. जानेवारी २०१५ पासून जगभरातील नियम बदलला आणि बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच सराव सक्तीचा झाला. बत्तीस जणांनी प्राण देऊन मिळवलेला हा अर्धा तास रीलमध्ये घालवायचा, हा केवळ असभ्यपणा नाही. त्या बत्तिसांत मुंबईजवळचा एक तरुण भारतीय वेटरही होता. शोधकार्यात सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, त्याचेच अवशेष हाती लागले.

पंगतीतला वाढपी आणि बोटीवरचा वेटर

जगातल्या प्रवासी जहाजांवर गेले की गोव्याचा, रत्नागिरीचा, रायगडचा मुलगा भेटतोच. स्वयंपाकघरात, यंत्रखोलीत, खोल्यांच्या साफसफाईत तो सहा-सहा, आठ-आठ महिने घरापासून दूर राबत असतो. त्याच्या पाठवलेल्या पैशांवर गावाकडे घराचा स्लॅब पडतो, बहिणीचे लग्न होते. त्याला सगळ्यात जास्त धास्ती कोणाची, असे विचारले तर उत्तर मिळते: आपल्याच लोकांची. गोरा प्रवासी ‘थँक यू’ तरी म्हणतो. आपला माणूस नावाची पाटी वाचून, मराठी आडनाव ओळखून, पहिले वाक्य बोलतो ते ‘अरे, आपल्या माणसासाठी जरा जास्तीचे आण ना!’ चुटकी वाजवून बोलावणे, खोली घाण करून ‘त्यालाच पगार मिळतो’ म्हणणे, रात्री बारा वाजता चहासाठी हट्ट धरणे, आणि उतरताना बक्षिसीची रक्कम बिलातून कमी करून घेण्यासाठी खिडकीवर रांग लावणे. २००६ च्या सागरी कामगार कराराने या कर्मचाऱ्याला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांतीचा हक्क दिला. भारताने २०१५ मध्ये तो करार स्वीकारला. एका प्रवाशाच्या मध्यरात्रीच्या लहरीतून जो तास जातो, तो कोणाच्या तरी या दहा तासांतूनच जातो.

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ योकोहामाला अडकली. ३,७११ माणसे जहाजावर होती आणि सातशेहून अधिक जणांना कोरोनाची बाधा झाली. प्रवाशांना खोल्यांत बंद केले गेले. त्यांच्या दारापर्यंत जेवण कोण नेत होते? हेच कर्मचारी, ज्यांना स्वतःला वेगळी खोलीही नव्हती. त्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. केंद्र सरकारने २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विशेष विमानाने ११९ भारतीयांना मायदेशी आणले. देशाने त्यांना आपले मानले. देशबांधव प्रवासी त्यांना आपले केव्हा मानतात? जास्तीची गोड डिश हवी असते तेव्हा.

त्या जहाजाने आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे बोटीवर एकाचे आजारपण सर्वांचे होते. जुलाब-उलट्यांची लागण बोटीवर वणव्यासारखी पसरते. तिला अडवणारा उपाय साबण आणि पाणी इतका साधा आहे. बुफेला जाताना हात धुवावेत, पुन्हा वाढून घेताना नवी ताटली घ्यावी, भांड्यातला पदार्थ बोटांनी उचलू नये, पोट बिघडले तर लपवू नये. सोवळ्या-ओवळ्याच्या आणि उष्ट्या-खरकट्याच्या मर्यादा पाळत वाढलेल्या समाजाला हे कोणी परक्याने शिकवावे? उष्टी ताटली घेऊन बुफेच्या रांगेत उभे राहणाऱ्याच्या आजीला हे दिसले असते तर तिने तिथेच त्याला घरचा रस्ता दाखवला असता.

खरे तर या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांना हे सारे पाठ आहे. संघ शिक्षा वर्गात वीस दिवस राहिलेल्याने वेळेवर उठण्याचे, रांगेत बसण्याचे, ताटात घेतलेले संपवण्याचे आणि स्वतःचे ताट स्वतः घासण्याचे शिक्षण घेतलेले असते. पंगतीत वाढणारा कोण्या जातीचा, कोण्या हुद्द्याचा, हे तिथे कोणी विचारत नाही. आज वाढणारा उद्या पंगतीत बसतो. मग तोच स्वयंसेवक सहकुटुंब क्रूझवर गेला की ताटात आठ पदार्थांचा डोंगर रचून त्यातला निम्मा टाकून उठतो, ही काय किमया? शिबिराचा गणवेश उतरवला की शिबिरही उतरते काय? शताब्दीच्या निमित्ताने ज्या पंच परिवर्तनाची चर्चा घराघरांत चालू आहे, त्यात नागरिक कर्तव्य आहे, समरसता आहे, पर्यावरण आहे, कुटुंब प्रबोधनही आहे. या विषयांवरची भाषणे सभागृहात टाळ्या घेतात. त्यांची परीक्षा मात्र तिथे होते, जिथे आपल्याला ओळखणारे कोणी नसते. मध्यरात्री मार्गिकेत अंताक्षरीचा फड जमवणाऱ्या पंधरा जणांच्या घोळक्याला शेजारच्या खोलीतले तान्हे मूल दिसत नाही, ते याच कारणाने.

धंदा कंपन्यांचा, बदनामी देशाची

सारा दोष प्रवाशांच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. सिडनीच्या त्या जहाजाच्या तेराशे जागा एका कंपनीला कोणी विकल्या? उरलेल्या जागा सुटीवर निघालेल्या कुटुंबांना, त्यांना काही कल्पना न देता, कोणी विकल्या? नफा मोजताना ज्यांना शिष्टाचार आठवला नाही, त्यांनी नंतर दिलगिरीचे पत्रक काढले. आपल्याकडेही जाहिरातींत समुद्र नावापुरताच असतो. अमर्याद मद्य, जुगाराचे टेबल, रात्रभर नाच, हेच विकले जाते. २ ऑक्टोबर २०२१ रोजी, तेही गांधी जयंतीला, मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या जहाजावर अमली पदार्थविरोधी पथकाची धाड पडली. पुढे त्यातील सहा जणांची नावे आरोपपत्रात आलीच नाहीत आणि तपासावरच प्रश्न उभे राहिले. पण सर्वसामान्य कुटुंबाच्या मनात क्रूझ म्हणजे नशा, हे समीकरण मात्र पक्के झाले. ‘इथे सर्व चालते’ या वचनावर ज्याला बोटीवर चढवले, तो चढल्यावर शिस्तीत वागेल, अशी अपेक्षा करणारे भाबडे तरी असले पाहिजेत किंवा ढोंगी तरी.

लक्षद्वीप, गोवा, कोची यांच्याकडे जाणाऱ्या या मार्गावर खरे तर पाहण्यासारखे काय नाही? मुंबई सोडली की खांदेरी-उंदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग अशी स्वराज्याच्या आरमाराची रांगच त्या किनाऱ्याने उभी आहे. पहाटेच्या प्रकाशात डेकवर उभे राहून मुलांना ती ओळ सांगावी, असे एकाही कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत का नसावे? त्याच वेळी डेकवर आदल्या रात्रीचे ग्लास वेचण्याचे काम चालू असते. आणि पालक? ते झोपलेले.

एक मागणी मात्र तातडीने पुढे रेटण्यासारखी आहे. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातच अशी तरतूद आहे की, सुरक्षेच्या सूचना प्रवाशांना समजण्याची शक्यता असलेल्या भाषेत दिल्या जाव्यात. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या, निम्म्याहून अधिक महाराष्ट्रीय प्रवासी असलेल्या जहाजावर ती भाषा कोणती, हे सांगायला भाषातज्ज्ञाची गरज नाही. तरीही सूचना इंग्रजीत आणि फार तर हिंदीत होतात. कोकणातून प्रथमच मुलाबरोबर बोटीवर आलेली आई सरावात सेल्फी काढत नाही. तिला नुसते कळतच नाही. पर्यटन कंपन्यांनी प्रस्थानपूर्व बैठकीत काट्या-चमच्याचा धडा कमी करून भोंग्याचा धडा मराठीत द्यावा. बंदर प्रशासनाने टर्मिनलच्या प्रतीक्षालयात जीवरक्षक जॅकेटाचे प्रात्यक्षिक मराठीत दाखवावे. सागरी क्षेत्रात काम केलेले निवृत्त खलाशी, नौदलातले माजी सैनिक मुंबईत कमी नाहीत, आणि अशा प्रात्यक्षिकासाठी पुढे यायला ते नकार देतील असे वाटत नाही. टर्मिनल उभे आहे, बोटी सुटत आहेत. पुढच्या हंगामाचे आरक्षण करताना आपल्या कंपनीला एवढा एक प्रश्न प्रत्येक कुटुंबाने विचारावा: भोंगा वाजल्यावर काय करायचे, ते आमच्या आईला कोण सांगणार आणि कोणत्या भाषेत?